वेताळाचा चोविसावा प्रश्न

मी गेली तीस वर्षे प्रश्नपत्रिका काढतो आहे. आमची शाळा कन्नड माध्यमाची, म्हणून प्रश्न कन्नडात. पण पहिला प्रश्न मराठी पोरांना ठाऊक असतो तोच : 'योग्य पर्याय निवडा.' खाली चार पर्याय, एक खरा आणि तीन खोटे. खरा पर्याय पुस्तकातच असतो, त्याला काही डोके लागत नाही. खोटे पर्याय काढणे हेच कौशल्य, असे कोणताही जुना मास्तर सांगेल. खोटा पर्याय खऱ्यासारखा दिसला पाहिजे, मूल क्षणभर अडखळले पाहिजे, आणि तरी फसवल्याचा आळ आपल्यावर येता कामा नये. इतकी वर्षे हे काम केले, पण त्या वाक्यातला 'योग्य' हा शब्द काढून टाकला तर मागे काय उरेल, हा विचार कधी मनात आला नव्हता. तो आला गेल्या दिवाळीत, आणि आणला माझ्या भाच्याने.

भाचा पुण्यात संगणकाचे शिक्षण घेतो. पाडव्याच्या दुपारी जेवणे आटोपून मी ओसरीवर जरा आडवा झालो होतो. हा मांडीवर संगणक घेऊन शेजारी बसलेला, आणि स्वतःशीच हसत होता. मी नेहमीच्या हेडमास्तरी सुरात विचारले, "अभ्यास चाललाय की खेळ?"

"खेळ. मामा, तुम्हीच बघा एकदा खेळून. दहा मिनिटांत संपतो."

दहा मिनिटांत संपणारा खेळ म्हटल्यावर मला बरे वाटले. संगणकावरचे खेळ म्हणजे रात्ररात्र चालणारा गोळीबार, अशी माझी समजूत होती. हा खेळ वेगळाच निघाला. नाव 'द स्टॅन्ली पॅरेबल', साल २०१३. स्टॅन्ली हा एका कचेरीतला ४२७ क्रमांकाचा कर्मचारी. पडद्यावर सूचना येईल ती कळ दाबायची, एवढेच त्याचे काम. एके दिवशी सूचना येईनाशा होतात, आणि बघतो तर कचेरीत चिटपाखरू नाही. तो उठून चालू लागतो. त्याच्याबरोबर एक आवाज चालत असतो आणि स्टॅन्लीची गोष्ट सांगत असतो. पुढे दोन उघडी दारे लागतात. आवाज सांगतो की स्टॅन्ली डाव्या दाराने आत गेला. पण स्टॅन्लीचे पाय आपल्या हातात असतात.

मी आज्ञाधारक माणूस, डावीकडे गेलो. आवाज सांगेल तसे करत गेलो, आणि शेवटी त्याने जाहीर केले की स्टॅन्ली आता स्वतंत्र झाला. सांगितले ते सगळे ऐकल्याबद्दल स्वातंत्र्य! मला हसू आले, आणि थोडे वाईटही वाटले. मग पुन्हा सुरुवात करून मी उजव्या दाराने गेलो. आवाज आधी समजूत घालू लागला, मग गोष्ट सावरून घेऊ लागला, मग वैतागला. तो वैताग माझ्या ओळखीचा होता. नववीच्या वर्गात शेवटच्या बाकाशी मी असाच बोलतो.

दिवेलागणी झाली तेव्हा मी सातव्यांदा खेळत होतो.

या खेळात जिंकायचे कुणाला? समोर प्रतिस्पर्धी नाही, गुण नाहीत, बक्षीस नाही. जे घडते ते विचित्र, स्वप्नात घडावे तसे. तरी माणूस पुन्हा पुन्हा पहिल्या दाराशी येऊन उभा राहतो. असे छोटे, चमत्कारिक आणि निवडीवर चालणारे खेळ एकएकटी माणसे किंवा दोघे-चौघे मिळून घरच्या घरी तयार करतात, आणि जगभर लाखो तरुण ते खेळतात. ही गोडी कशाची, हे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मजा येते." त्याच्या वयाला एवढे उत्तर पुरते. मी इतिहासाचा माणूस. नवी म्हणून जी वस्तू समोर येते तिची आजी कोण, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही.

खेळांवर विचार करणाऱ्यांत फ्रान्सच्या रोजे कायवा यांचे नाव मोठे. १९५८ सालच्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी खेळाची चार मुळे सांगितली : चढाओढ, नशीब, सोंग आणि भोवळ. कबड्डीत चढाओढ, फाशांत नशीब, भातुकलीत सोंग आणि फुगडीत भोवळ, असे आपल्याकडचे दाखले सहज देता येतात. भाच्याच्या खेळात पहिल्या दोन गोष्टी जवळजवळ नाहीत. सोंग आहे, कारण आपण दुसऱ्याच्या पायांनी चालतो. आणि भोवळ आहे, पण ती डोक्याला येणारी. मात्र 'डावे की उजवे' यातली गंमत या चारांपैकी कुठल्याच खणात नीट मावत नाही. २००६ साली रायन, रिग्बी आणि शिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी संगणकी खेळांच्या ओढीचा अभ्यास केला. आपले आपण ठरवता येणे, काही जमल्याचे समाधान आणि माणसांशी नाते, या तीन भुका खेळ भागवतो, असे त्यांचे म्हणणे. इथे जमण्यासारखे फारसे काही नाही, कळ दाबणे तर स्टॅन्लीलाही जमते. उरते आपले आपण ठरवणे. पण ठरवायला तर बाजारात भाजी घेतानाही मिळते. त्यासाठी विचित्र जग कशाला हवे?

याचे उत्तर शोधायला मला दूर जावे लागले नाही. घरातच एक पेटी होती.

आमच्या वडिलांच्या त्या पेटीत कापडी पट, कवड्या आणि लाकडी सोंगट्या असत. गुलबर्ग्यात खेळांनाही दोन-तीन नावे असतात. आम्ही घरात 'वाघ-शेळी' म्हणायचो, शेजारचे शिवप्पाकाका 'आडु-हुली' म्हणायचे. घरे तीच, वाघ तेच. चौकाबारा खडूने ओट्यावर आखायचो, पाच बाय पाच घरांचा. चार कवड्या टाकायच्या, दान पडेल तेवढी घरे जायचे. पण कुठली सोंगटी हलवायची ते आपण ठरवायचे. दान नशिबाचे आणि चाल आपली. वाघ-शेळीत नशीब अजिबात नाही, सगळी अक्कल. आणि मोक्षपटात अक्कल अजिबात नाही, सगळे दान.

हा मोक्षपट म्हणजे आजच्या सापशिडीचा पूर्वज. ज्ञानेश्वरांनी तो तयार केला, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. पुराव्याने ते सिद्ध होत नाही, कारण हाती आलेले पट बरेच नंतरच्या काळातले आहेत. डेन्मार्कचे अभ्यासक जेकब श्मिट-मॅडसेन यांनी या सगळ्या पटांच्या घराण्यावर २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध सादर केला. उत्तरेकडच्या ज्ञानचौपडीत ७२ घरांचे पट आहेत, जैनांचे ८४ घरांचे आहेत. घराघरावर क्रोध, मत्सर, दया, दान अशी नावे. वाईट घरात साप, चांगल्या घरात शिडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, १९४३ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या, आणि मोक्ष बिचारा शंभरावा आकडा होऊन बसला.

लहानपणी मला मोक्षपटाचा राग यायचा. मत्सराच्या घरात साप आहे हे डोळ्यांना दिसते आहे, आणि तरी कवड्या मला तिथेच नेणार. मी मत्सर निवडला नव्हता! वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "कुणीच निवडत नाही रे, पडतो." त्यांचे हे उत्तर मला फार उशिरा समजले. मोक्षपटाचे सांगणेच ते आहे : जीव पडतो, चढतो, पुन्हा पडतो. त्यात निवडीला जागा नाही, म्हणून त्यात अपराधही नाही. खेळ म्हणून तो खोल आहे, पण भाच्याच्या खेळाची आजी ती नव्हे.

ती आजी मला सापडली 'चांदोबा'त.

माझ्या वयाच्या वाचकांना चांदोबाची ओळख करून द्यायला नको. कन्नड 'चंदमामा' १९४९ पासून आणि मराठी 'चांदोबा' १९५२ पासून निघत असे. आता दोन्ही बंद पडले. आमच्या गल्लीत एका घरी कन्नड यायचा, आमच्याकडे मराठी, आणि अदलाबदल करून आम्ही एकच गोष्ट दोन्ही भाषांत वाचायचो. वेताळाची गोष्ट अर्थातच आधी. चित्रकार शंकर यांनी काढलेले ते चित्र डोळ्यांपुढे आणा : उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत आणि स्मशानातली रात्र. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकले होतील. बोललास तर मौन मोडले म्हणून मी पुन्हा झाडावर. राजा बोलतो. वेताळ झाडावर. पुन्हा तीच वाट, पुन्हा नवी गोष्ट.

आता बघा, छोटी गोष्ट, अतर्क्य जग, शेवटी एक निवड, आणि निवड केली की पुन्हा सुरुवातीच्या झाडापाशी. भाच्याचा खेळ आणखी काय वेगळा होता?

ही कथामाला अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त घेतली. आपल्या मराठी गद्याच्या पहाटेच, १८३० साली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. तिच्यातले प्रश्न आजही माणसाला झोपू देत नाहीत. एका बाईने दोन मेलेल्यांची डोकी घाईत एकमेकांच्या धडांवर बसवली. जिवंत झाल्यावर तिचा नवरा कोणता? सोमदेवाच्या गोष्टीत ते दोघे तिचा नवरा आणि भाऊ. हीच कल्पना थॉमस मान यांनी १९४० साली जर्मनमध्ये कादंबरीत नेली, तिथे नवरा आणि मित्र झाले. आणि तिथून गिरीश कार्नाडांनी कन्नडात 'हयवदन' लिहिले. त्याचे मराठी रूप चिं. त्र्यं. खानोलकरांनी केले. कार्नाड जन्मले माथेरानला आणि लिहीत राहिले कन्नडात. आपल्या भागातल्या माणसाला या गोष्टीचे नवल वाटू नये. डोके एका भाषेचे आणि धड दुसऱ्या भाषेचे, अशी माणसे आमच्या गल्लीत घरोघरी आहेत.

पण मला सांगायचे आहे ते चोविसाव्या गोष्टीबद्दल. चांदोबात तर वेताळ महिन्यामहिन्याला नवी गोष्ट आणायचा, त्यामुळे शेवट कधी आलाच नाही. मूळ ग्रंथात तो आहे. बाप आणि मुलगा रानातून जाताना दोन स्त्रियांच्या पाऊलखुणा बघतात, एक मोठी, एक लहान. त्या दोघींशी लग्न करायचे ठरते आणि मोठे पाऊल कुणाचे, लहान कुणाचे तेही वाटून घेतात. प्रत्यक्षात पावलांचा अंदाज उलटा निघतो : बापाच्या वाट्याला मुलगी येते आणि मुलाच्या वाट्याला तिची आई. मग यांना मुले झाली, त्यांचे एकमेकांशी नाते काय? तेवीस प्रश्नांची उत्तरे फाडफाड देणारा राजा इथे गप्प होतो. ठाऊक असून दडवायचे, असे हे गप्प बसणे नव्हे. उत्तर नाहीच. तो मुकाट्याने चालत राहतो. आणि वेताळ वश होतो तो नेमका इथे. तेवीस बरोबर उत्तरांनी जो हाती लागला नाही, तो एका निरुत्तरापुढे राजाचा झाला, आणि त्याने राजाला जोग्याचे कपट सांगून त्याचे प्राण वाचवले.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माणसाला ही गोष्ट पन्नाशी उलटल्यावर नीट वाचायला मिळावी, याचे मला जरा वाईट वाटते.

विचित्र जग कशाला हवे, याचे उत्तर मला इथे मिळाले. ओळखीच्या जगात प्रत्येक निवडीचे बरोबर उत्तर कुणाला तरी आधीच ठाऊक असते. शाळेत मास्तरांना, घरात वडिलांना, गल्लीत चार शहाण्यांना. विज्ञान घे, कला घेऊ नको, इंजिनियर हो, मुलगी बघायला अमुक गावी जा. पण प्रेत बोलू लागले, डोकी अदलाबदल झाली, कचेरीतली माणसे हवेत विरली, की सगळे शहाणे एका पातळीवर येतात. तिथे वडीलधाऱ्याचा अनुभव चालत नाही. मूल आणि हेडमास्तर दोघेही सारखेच अडाणी. अशा ठिकाणी जे निवडले जाते ते खरोखर आपले असते, चुकले तरी.

आमच्या भूमीला हे नवे नाही. गुलबर्ग्याहून काही तासांच्या वाटेवर बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथल्या अनुभवमंटपात अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी असत. त्यांची 'बेडगिन वचने' कन्नड वाचकांना ठाऊक आहेत : एकेक प्रतिमा उलटी, कोड्यात घातलेली, ऐकणाऱ्याची रोजची अक्कल जागच्या जागी थांबवणारी. पुढे टीकाकारांनी त्यांची उकल लिहिली. पण उकल वाचून वचन संपत नाही. आपल्याकडे मुक्ताबाईंची सूर्य गिळणारी मुंगी आहे, नाथांची कोडी-भारुडे आहेत. ते अध्यात्म आहे, मी त्याला खेळ म्हणत नाही. एवढेच म्हणतो की उलटे जग दाखवून माणसाला त्याच्या ठरीव उत्तरांपासून सोडवायचे, ही युक्ती कन्नड आणि मराठी दोन्हींना आठशे-सातशे वर्षे माहीत आहे. इकडच्या पोरांना ती परकी वाटण्याचे कारण नाही.

पश्चिमेत हा धागा एका वकिलाच्या घरातून आला, हे वाचून मला गंमत वाटली. एडवर्ड पॅकार्ड हे आपल्या मुलींना झोपताना गोष्ट सांगत. एकदा पुढे काय करावे ते सुचेना, म्हणून त्यांनी मुलींनाच विचारले, आता नायक काय करील? दोघींनी दोन वेगळी उत्तरे दिली. दोन्ही वाटांनी गोष्ट नेण्याची कल्पना तिथे सुचली. त्यांचे पहिले असे पुस्तक १९७६ साली निघाले, आणि १९७९ पासून अशा पुस्तकांची मोठी मालाच न्यूयॉर्कहून निघू लागली : असे केले तर अमुक पान उघडा, तसे केले तर तमुक. २००९ साली ख्रिस क्लिमस यांनी 'ट्वाइन' नावाचे साधन फुकट उपलब्ध करून दिले. संगणकाची भाषा न शिकताही त्यात अशी फाटे फुटणारी गोष्ट रचता येते. त्यानंतर असे खेळ करायला कंपनी लागेना.

आपल्या देशात याच वळणाचे काम करणारी मंडळी कुठे असावीत? मुंबईत नव्हेत, बंगळुरात नव्हेत. तर गुजरातेत वापीजवळच्या चला गावी, म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेलगत. ध्रुव जानी यांचा 'स्टुडिओ ओलियोमिंगस' तिथला. त्यांच्या २०१७ सालच्या खेळात एक संग्रहालय आहे. दालनादालनांतून चालत जायचे, वस्तू बघायच्या आणि मीर उमर हसन नावाच्या लेखकाच्या गोष्टी वाचायच्या. हा लेखक कधी होऊन गेलाच नाही, तोही खेळाचाच भाग. २०२०च्या खेळात नगरपालिकेच्या चाकरीतला एक माणूस इमारत खातो. भाच्याने तो दाखवला तेव्हा मी हसलो नाही. १ नोव्हेंबर २०१४ला आमच्या गावाच्या पाट्या बदलल्या आणि गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. नावाबद्दल माझी तक्रार नाही, कन्नड माणसे आपापसात पूर्वीपासून तसेच म्हणत. पण जुने वाडे, त्यांची दारे, त्यांवरची मोडी-उर्दूतली अक्षरे माझ्या डोळ्यांदेखत कुणीतरी खाल्ली आहेत. खाणारा दिसला नव्हता. त्या खेळात दिसला.

छोटेपणाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. मोठ्या कादंबरीत दुसरी वाट बघायला मिळत नाही. दहा मिनिटांचा खेळ मागे फिरून दुसऱ्या दाराने जाऊ देतो. आयुष्य देत नाही. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, घरी मराठी बोलले, बाजारात कन्नड. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १९५६ साली ते तीन राज्यांत वाटले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. गुलबर्गा आणि बीदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. वडील तेव्हा नुकते शिक्षक झालेले. सोलापूरच्या काकांचे पत्र आले : इकडे ये, नोकरी बघून ठेवली आहे. वडील गेले नाहीत. का गेले नाहीत, हे त्यांनी कधी सांगितले नाही. इथे त्यांना मान मिळाला, घर झाले, शिष्य मिळाले, त्यातले निम्मे कन्नड. तरी म्हातारपणी संध्याकाळी ते वाघ-शेळीचा पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत, आणि डाव संपला की पहिल्या चालीपासून पुन्हा मांडून वेगळी शेळी हलवून बघत. मला तेव्हा वाटे, वेळ घालवताहेत.

असो. या वर्षी पावसाळ्यात, गणिताचे सर रजेवर असताना, नववीच्या वर्गात मी हा उद्योग करून बघितला. संगणक नकोच, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींचे तुकडे केले. चिठ्ठी क्रमांक एक मी लिहिली : 'रात्रीची वेळ. वाडी जंक्शन. फलाटावर दिवे नाहीत. दोन गाड्या उभ्या आहेत.' आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना वाडी जंक्शन सांगावे लागत नाही; एक लोहमार्ग मुंबईकडे, एक हैदराबादकडे, एक रायचूरकडे. पुढच्या चिठ्ठ्या मुलांनी लिहायच्या. अट एकच, प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी दोन वाटा हव्यात आणि त्यांतली कुठलीही 'बरोबर' असता कामा नये.

पहिला तास वाया गेला. मुलांनी एक वाट देवळाची आणि एक चोरांची केली. सवयच तशी आम्ही लावली आहे. दुसऱ्या दिवशी मात्र कुणीतरी फलाटावर तिकीट तपासणारी बकरी आणली, आणि मग गाडी रुळावरून घसरली, म्हणजे चांगल्या अर्थाने. दखनी बोलणाऱ्या एका मुलीने लिहिले : 'दोन गाड्यांपैकी एक 'कल' जाते.' यावर वर्गात कडाक्याचे भांडण झाले. मराठी घरातला मुलगा म्हणाला, काल की उद्या ते लिही. कन्नड मुले म्हणाली, निन्ने की नाळे? आमच्या भाषांत दोन्हींना वेगळे शब्द; तिच्या भाषेत एकच. मुलगी शांतपणे म्हणाली, "बैठे तो मालूम होता, सर." तीस वर्षांत माझ्या वर्गात याहून चांगले उत्तर कुणी दिल्याचे मला आठवत नाही.

चव्वेचाळीस चिठ्ठ्या झाल्या. मधल्या सुटीत मुले त्या खेळू लागली. मी लांबून बघत असे. जी मुले प्रश्न विचारला की खाली बघतात, ती इथे बेधडक निवड करीत. शेवटाला पोचण्याची घाई कुणालाच नव्हती. ज्या वाटेने आपण गेलो नाही तिथे काय होते, याचीच सगळ्यांना खरी ओढ. आणि बहुतेक जण चिठ्ठी दुसऱ्याला दिसू नये अशी हाताने झाकून वाचत. निवड आपली असली की ती थोडी लपवावीशी वाटते, हे माझ्या ध्यानात तेव्हा आले.

तांड्यावरचा एक मुलगा आहे. आई-वडील वर्षातले सात-आठ महिने पुण्याला बांधकामावर, हा आजीजवळ. सतरा क्रमांकाची चिठ्ठी त्याने लिहिली होती : 'आई गाडीत बसली आहे. तू चढतोस की फलाटावर थांबतोस?' थांबले तर पुढे मोठा पसारा होता, बकरी, कलची गाडी, पाण्याखालचे स्टेशन, पंचवीस-तीस चिठ्ठ्यांचा. चढले तर एकच चिठ्ठी, तीही त्याचीच : 'गाडी सुटली. खेळ संपला.'

तो रोज खेळायचा आणि रोज चढायचा. बाकीची मुले त्याला म्हणत, अरे, थांब की, पुढे केवढी मजा आहे. तो हसून म्हणे, "इन्नोंदु सल." अजून एकदा. आणि पुन्हा चिठ्ठी एकपासून सुरुवात करून, मधल्या सगळ्या फाट्यांवर कधी इकडे कधी तिकडे जात, सतरावर आला की चढायचा. मी त्याला काही विचारले नाही. विचारायचे ते शब्द माझ्या सगळ्या भाषांत मिळून मला सापडले नाहीत.

दसऱ्याच्या सुटीआधी तो स्वतःच माझ्या खोलीत आला. म्हणाला, सर, गाडी सुटल्यावर पुढच्या चिठ्ठ्या करायच्या का? मी कोरे कागद काढून दिले. आम्ही दोघे बसलो. पंचेचाळिसाव्या चिठ्ठीत गाडी शहाबाद ओलांडून गुलबर्ग्याच्या दिशेने लागली होती, आई खिडकीशी होती, आणि डब्यात बकरी तिकीट तपासायला आली. त्याच्याजवळ तिकीट नव्हते. त्याने दोन वाटा लिहिल्या : एक, आईच्या पदरामागे लपणे, दोन, बकरीला आपल्या डब्यातली भाकरी देणे. मग पेन्सिल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, तिसरी तुम्ही सांगा.

मला ती अजून सुचलेली नाही.